स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांतील गोष्ट. संध्याकाळीं आमच्या गांवच्या पारावर नेहमींप्रमाणें मंडळी जमली होती आणि मी वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून दाखवीत होतों. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत बातमी होती कीं, ऑक्टोबर महिन्यांत देशांतील महागाई अवघ्या पाव टक्क्यावर उतरली. २०१२ साल पायाभूत धरून जी मोजणी चालू होती, तिच्या साऱ्या काळांत इतका खालचा आकडा कधीं आला नव्हता. खाण्यापिण्याचे जिन्नस तर मागील वर्षाच्या त्याच महिन्यापेक्षां शेंकडा पांचांनीं स्वस्त झाले होते आणि भाजीपाला शेंकडा सत्ताविसांहूनही अधिक. बातमीचा एकंदर सूर असा कीं, जनतेस मोठा दिलासा मिळाला.

वाचून झालें तेव्हां कांदा पिकविणारे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, ही जनता म्हंजी कोन हो? आमाला त्या जनतेत धरलंय का न्हाई?"

मंडळी हंसली. मला मात्र हंसूं आलें नाहीं. तो प्रश्न मी घरीं घेऊन आलों, आणि त्याचेंच उत्तर आज या पत्राच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हा आकडा तयार कसा होतो तें पाहूं. सरकार एक टोपली कल्पितें. सामान्य कुटुंब महिन्याभरांत जें जें विकत घेतें तें त्या टोपलींत घालावयाचें: धान्य, डाळ, तेल, भाजी, दूध, कापड, घरभाडें, औषध, शाळेची फी, एस्.टी.चें भाडें. प्रत्येक जिनसास त्याच्या मानानें वजन द्यावयाचें. २०१२ च्या त्या टोपलींत शंभरांपैकीं जवळजवळ ४६ वजन एकट्या खाण्यापिण्याचें होतें. मग खेड्यांच्या आणि शहरांच्या बाजारांतून दरमहा भाव गोळा करावयाचे, आणि ही टोपली गेल्या वर्षीं केवढ्यास पडत होती व आज केवढ्यास पडते, याचा हिशोब करावयाचा. झाली महागाईची मोजणी.

यांत लबाडी आहे असें माझें म्हणणें नाहीं. मोजणारे आपलें काम इमानानें करितात असेंच धरून चालूं. त्या पाव टक्क्याचा कांहीं भाग तर निव्वळ गणिताचा होता. २०२४ च्या ऑक्टोबरांत भाजीपाला फार कडाडला होता. उंच माणसाशेजारीं उभा केला कीं मध्यम माणूसही बुटका दिसतो, तशांतली ही गोष्ट. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून पुष्कळ जिनसांवरील जी.एस्.टी. उतरला होता, त्याचाही हातभार लागला.

परंतु ही टोपली कोणाच्या हातांतली आहे, तें नीट ध्यानांत घ्या. ती विकत घेणाऱ्याच्या हातांतली आहे. घर काय खातें तें त्या टोपलींत आहे. शेत काय खातें तें तींत नाहीं. खताचें पोतें, बियाण्याची पिशवी, फवारणीचें औषध, कांदा काढणीची मजुरी, ट्रॅक्टरची नांगरट, यांपैकीं कांहींच तींत नाहीं. आणि माल विकून घरीं परतणाऱ्याच्या मुठींत काय उरलें, हें तर ती टोपली विचारीतच नाहीं.

शहरांतील पगारदारास कांदा उतरला म्हणजे निव्वळ नफा. आम्ही मात्र विकत घेणारेही आहों आणि विकणारेही आहों. आमच्या घरांत त्याच कांद्याची एक बाजू चुलीकडे असते आणि दुसरी सोसायटीच्या हप्त्याकडे. चौथीच्या पोरास येईल असें एक गणित घालतों. समजा, एका घरीं १०० क्विंटल कांदा विकावयास निघाला आणि क्विंटलमागें ५०० रुपये भाव पडला. त्या घराचे गेले ५०,००० रुपये. आतां त्याच घराचा किराणा-भाजीचा खर्च महिना ८,००० रुपये धरा, आणि तो शेंकडा पांचांनीं उतरला असें समजा. महिन्यास वांचले ४०० रुपये, वर्षाचे झाले ४,८००. एका हातानें ४,८०० आले, दुसऱ्या हातानें ५०,००० गेले. आणि बातमी सांगते, दिलासा मिळाला!

बरें, या आकड्याची राखण कोण करितें तेंही पाहा. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती झाली. महागाई शेंकडा ४ च्या आसपास ठेवावी, ती ६ च्या वर किंवा २ च्या खालीं जाऊं देऊं नये, असें ध्येय बँकेस घालून देण्यांत आलें. लागोपाठ तीन तिमाह्या ती या कुंपणाबाहेर राहिली, तर बँकेनें सरकारास लेखी कारणें द्यावीं आणि उपाय सांगावा, अशीही तरतूद झाली. २०२२ सालीं महागाई तशी वर राहिली, तेव्हां बँकेस असें पत्र लिहावें लागलें. ही व्यवस्था चांगलीच आहे. जो कारभार करितो त्यानें जाब द्यावा, याविरुद्ध कोण बोलेल? पण शेतमालाचा भाव लागवडीच्या खर्चाखालीं तीन तिमाह्या नव्हे, तीन हंगाम राहिला, तर कोणी कोणास पत्र लिहावें? तसा कायदा नाहीं. महागाईस कुंपण आहे. मातीमोलास कुंपण नाहीं.

यावर शहाणे लोक म्हणतात, "अहो, हा बाजार आहे. भाव आपोआप चढतो, आपोआप पडतो. त्यास सरकार काय करणार?" तर मग सरकारनें काय काय केलें, त्याच्या तारखाच देतों.

१९ ऑगस्ट २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० जकात बसविली. नाशिक जिल्ह्यांतील बाजारांत लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ पासून तर निर्यातच बंद केली; मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंतची होती, ती पुढें वाढविली. लोकसभेच्या निवडणुकीचें मतदान टप्प्याटप्प्यानें चालू असतां ४ मे २०२४ रोजीं बंदी उठली, परंतु टनामागें ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के जकात राहिलीच. सप्टेंबर २०२४ मध्यें किमान किंमत गेली आणि जकात २० टक्क्यांवर आली. तीही निघाली ती १ एप्रिल २०२५ पासून. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ कांदेवाल्याच्या दारास कधीं कडी, कधीं कुलूप. आणि परदेशी गिऱ्हाईक कांहीं आपल्या दाराशीं ताटकळत बसत नाहीं; एक दुकान बंद दिसलें कीं तें दुसऱ्या दुकानाची पायरी चढतें.

कापसाचें पाहा. परदेशी कापसावर शेंकडा ११ जकात होती. अमेरिकेनें आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात लादली त्या सुमारास, १९ ऑगस्ट २०२५ पासून, ती माफ केली. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आमच्या वऱ्हाड-मराठवाड्यांतला कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास घरांत येतो. म्हणजे आमची गाडी बाजाराच्या वाटेस लागली, त्याच वेळीं परदेशी गाठींस फाटक उघडें! गिरण्यांची अडचण खरी होती. त्यांत मजुरांचें पोट आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण अमेरिकेनें मारलेली काठी गिरणीच्या पाठीवरून उचलून कापूसवाल्याच्या पाठीवर कां ठेवावी?

तेलबियांचेंही तेंच. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामास ४,८९२ रुपये होता आणि पुष्कळ बाजारांत माल त्याच्या खालीं विकला गेला. परदेशी खाद्यतेलावरील जकात सप्टेंबर २०२४ मध्यें वाढविली होती. कच्च्या तेलावरची ती मे २०२५ अखेर पुन्हां उतरविली. तेल स्वस्त करण्याची घाई झाली. सोयाबीनला हमीभाव मिळवून देण्याची झाली नाहीं.

तेव्हां भाव नेहमींच आपोआप पडतो असें नाहीं. पुष्कळ वेळां तो पाडला जातो. चढता भाव हा रोग ठरतो आणि त्यावर रातोरात औषध निघतें. पडता भाव मात्र शेतकऱ्याच्या नशिबाचा भोग ठरतो, आणि भोगास औषध नसतें!

येथें माझे कारागीर आणि भूमिहीन बंधू मला अडवतील. ते म्हणतील, "मास्तर, आम्हीं कोठें कांदा लावला आहे? धान्य-भाजी उतरली तर आमची चूल नीट पेटते. तुम्ही आमच्या तोंडचा घास महाग करावयास निघालां काय?" त्यांचें म्हणणें खरें आहे, आणि तें झांकून शेतकऱ्याची बाजू मांडणें हा खोटेपणा होईल. २०२३-२४ च्या सरकारी पाहणींत असें आढळलें कीं, खेड्यांतील माणसाच्या खर्चापैकीं शंभरांत ४७ रुपये खाण्यावर जातात. ज्याची निम्मी मिळकत पोटांतच जाते, त्यास अन्न महाग होऊन कसें चालेल?

पण म्हणूनच देशानें २०१३ सालीं अन्नसुरक्षेचा कायदा केला. माणशी ५ किलो धान्य कमी दरांत देण्याचें ठरलें आणि जानेवारी २०२३ पासून तें फुकट देण्यांत येऊं लागलें. त्याचा खर्च देशाची तिजोरी करिते. म्हणजे श्रीमंत-गरीब सगळे मिळून करितात. हाच न्याय आहे. गरिबास स्वस्त अन्न मिळालेंच पाहिजे, पण त्याचें बिल साऱ्या देशाच्या नांवें फाटलें पाहिजे. निर्यात बंद करून भाव पाडला, कीं तें बिल एकट्या शेतकऱ्याच्या नांवें फाटतें. आणि त्या स्वस्ताईचा लाभ गरिबाबरोबर मोठ्या हॉटेलवाल्यासही मिळतो. शेतकऱ्यानें मजुरास दान द्यावें असें म्हणा, मी हरकत घेणार नाहीं. पण हॉटेलवाल्यास त्यानें दान कां द्यावें?

आणि कारागीर बंधूंनो, गांवचा पैसा हा एकाच विहिरीचा पाझर आहे. शेतकऱ्याच्या हातीं पैसा नसला कीं सुताराकडे दाराची चौकट सांगावयास कोणी येत नाहीं, लोहाराकडे जुनाच फाळ पुन्हां शेवटावयास येतो, शिंप्याच्या दुकानांत लग्नसराईंतही गर्दी नसते. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सरकारनें अठरा धंद्यांतील कारागिरांसाठीं विश्वकर्मा योजना काढली. ५ टक्के व्याजानें दोन हप्त्यांत मिळून ३ लाखांपर्यंत कर्ज देण्याचें ठरविलें. चांगलें केलें. पण कर्जाचा रंधा गिऱ्हाईकावांचून कोणत्या लांकडावर चालवावयाचा? कांदा मातीमोल झाला त्या साली मोळा-खिळा विकणाऱ्याचीही उधारी थकते. जुन्या बलुत्याच्या व्यवस्थेंत जुलूम पुष्कळ होता, ती गेली हें बरेंच झालें. पण खळ्यावर रास पडली नाहीं तर कोणाचीच चूल पेटत नाहीं, एवढें तीमुळें सर्वांस कळत असे. आज तें दिसत नाहीं, एवढाच फरक.

ही युक्ति नवी नाहीं. १९२७ सालीं इंग्रज सरकारनें कायद्यानें रुपयाची किंमत १ शिलिंग ६ पेन्स ठरविली. त्यापूर्वींचा रूढ भाव १ शिलिंग ४ पेन्स होता. रुपया बळकट झाला! ऐकावयास किती गोड! पण जुन्या भावानें एका पौंडाचे १५ रुपये होत, नव्या भावानें १३ रुपये ५ आणे ४ पै झाले. विलायतेस जो कापूस एक पौंडास विकला जाई, त्यापोटीं इकडे १ रुपया १० आणे ८ पै कमी मिळूं लागले. जमिनीचा सारा आणि सावकाराचें देणें मात्र रुपयांतच ठरलेलें. त्यांतली एक पैही कमी झाली नाहीं. लाभ झाला तो विलायतेस पैसे धाडणाऱ्या साहेबास आणि विलायती माल आणणाऱ्यास. रुपया बळकट झाला आणि कुणबी अशक्त झाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२३ सालींच रुपयाच्या प्रश्नावर मोठा ग्रंथ लिहिला होता, आणि हा निर्णय ज्या हिल्टन यंग कमिशनच्या शिफारशीनें झाला त्या कमिशनपुढें त्यांनीं साक्षही दिली होती. रुपया वरखाली झाला म्हणजे व्यापाऱ्याचें काय होतें आणि मजुराचें काय होतें, हें त्यांनीं वेगवेगळें करून पाहिलें. ही रीत आपण उचलावी. डिसेंबर २०२५ मध्यें डॉलर ९० रुपयांच्या पार गेला, तेव्हां कोणी म्हणाले देशाची लाज गेली, कोणी म्हणाले निर्यातीस चांगलें झालें. आपण विचारावें: आमच्या खताच्या पोत्याचें काय? पोटॅश तर देशाबाहेरूनच येतें.

आतां शब्दांचा खेळ पाहा. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं ३४,०२२ कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली, तेव्हां किती शहाण्यांनीं कपाळास हात लावला! तिजोरी बुडाली, लोकांस फुकटाची चटक लागली, कर्ज फेडण्याची नीति बिघडली! आतां दुसरा आकडा घ्या. मार्च २०२५ मध्यें संसदेंत दिलेल्या माहितीप्रमाणें बँकांनीं मागील दहा वर्षांत मिळून सुमारें १६ लाख ३५ हजार कोटींचीं बुडीत कर्जें आपल्या ताळेबंदांतून काढून टाकलीं. त्यांतलीं ९ लाख कोटींहून अधिक मोठ्या उद्योगांचीं आणि व्यवसायांचीं. सरकार सांगतें कीं ही माफी नव्हे, वसुली पुढें चालूच राहते. आणि नियमानें तें खरें आहे. म्हणून दोन्ही गोष्टी एकच आहेत असें मी म्हणत नाहीं. पण शब्द पाहा! शेतकऱ्याची ती कर्जमाफी, आणि मोठ्यांची ती ताळेबंदाची साफसफाई. एकाच्या नांवानें अग्रलेख, दुसऱ्याच्या नांवानें आंतल्या पानावर चार ओळी. आमच्या गांवीं सोसायटीच्या थकबाकीदारांचीं नांवें फळ्यावर लागतात. मोठ्यांचा फळा कोणत्या चावडीवर आहे?

आणखी एक बातमी हल्लीं रोज पहिल्या पानावर असते: शेअरबाजार वर गेला, शेअरबाजार खालीं आला. पूर्वीं ती आमच्या पारावर कोणी ऐकत नसे. आतां तरुण पोरें तीच आधीं विचारतात, कारण बाजार मोबाईलमध्यें बसून घरांत आला आहे. माझा एक जुना विद्यार्थी, गणितांत हुशार. त्याच्या परवानगीनेंच लिहितों. डेअरीच्या दुधाचे पैसे तो मोबाईलवर वायदे-ऑप्शनच्या सौद्यांत घालूं लागला. पहिल्या आठवड्यांत चार पैसे मिळाले, पुढें सहा महिन्यांत एक म्हैस गेली. आपली म्हैस आटली म्हणून पोरानें विकली, अशी त्याच्या आईची बरेच दिवस समजूत होती.

मी त्यास रागावलों नाहीं. त्यास सेबीचा आकडा दाखविला. शेअरबाजारावर देखरेख ठेवणारें हें मंडळ. त्यानें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत म्हटलें आहे कीं, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकीं शंभरांत ९३ जणांस तोटा झाला, आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. नफा मुख्यतः यंत्राच्या गतीनें सौदे करणाऱ्या मोठ्या पेढ्यांच्या पदरांत पडला. पोरगा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मास्तर, हे आधी कोणी मोठ्या अक्षरांत का छापलं नाही?" जुगाराच्या फडांतही दहांतून चार-पांच जण जिंकून उठत असतील. येथें शंभरांतून सात!

आतां दुसऱ्यांस बोललों, तसें आपल्या घरासही बोललें पाहिजे. सत्यशोधनाची सुरुवात आपल्या उंबऱ्याच्या आंत होते. गेल्या वर्षीं मीं सातवीच्या मुलामुलींस घरचा जमाखर्च लिहून आणावयास सांगितलें. एका मुलीच्या वहींत सारें नीट होतें: बियाणें, खत, औषध, गाडीभाडें, हमाली, तोलाई, मजुरांची मजुरी. शेवटीं तिनें लिहिलें होतें, "आईची मजुरी: शून्य." मीं विचारलें, आई शेतांत जात नाहीं काय? ती म्हणाली, "रोज जाते. पण बाबा म्हणाले, घरच्या बाईची कसली मजुरी?"

बंधूंनो, ज्या सरकारास आपण शिव्या देतों, त्याचा कृषि खर्च व मूल्य आयोगसुद्धां लागवडीचा खर्च काढतांना घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत धरितो. आपण ती धरीत नाहीं! आपल्या आईचे, बायकोचे, लेकीचे कष्ट आपणच शून्य लिहितों, आणि मग सरकारनें आपले कष्ट शून्य लिहिले म्हणून रडतों. २०१८-१९ च्या सरकारी पाहणींत देशांतील शेतकरी कुटुंबाचें सरासरी उत्पन्न महिन्यास १०,२१८ रुपये निघालें. त्यांत पिकापासून मिळणारे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३. शेतकरी म्हणविणारें घर पिकापेक्षां मजुरीवर अधिक जगत होतें. घरच्या माणसांची न धरलेली मजुरी त्या पिकाच्या खात्यांत मांडली, तर शेती काय शिल्लक टाकते तें ज्याचें त्यानें आपल्या वहींत पाहावें.

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्यास लिहितांवाचतां येत नाहीं, म्हणून दप्तर ज्याच्या हातीं तो त्यास नाडतो, हें त्यांनीं दाखविलें. आज आपल्या मुलांस लिहितांवाचतां येतें, पण दप्तर बदललें आहे. तें आतां आकड्यांचें झालें आहे, आणि तें सांगणारे नवे पुरोहित दूरदर्शनच्या पडद्यावर बसून अशा भाषेंत मंत्र म्हणतात कीं ऐकणाऱ्यानें फक्त हात जोडावे. सत्यशोधक समाज १८७३ सालीं निघाला तो हें सांगावयास कीं, देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको. माझें एवढेंच म्हणणें आहे कीं, आकडा आणि माणूस यांच्यामध्येंही तो नको. लग्न आपण पुरोहितावांचून लावूं शकतों, तर बातमी त्याच्यावांचून वाचूं शकणार नाहीं काय?

त्यासाठीं इंग्रजी नको कीं कॉलेज नको. पैशाची कोणतीही बातमी आली कीं तीन प्रश्न विचारावे. हे पैसे कोणाच्या खिशांतून गेले? कोणाच्या खिशांत आले? आणि मोजतांना कोणास वगळलें? गांवोगांवीं आठवड्यांतून एक दिवस पारावर किंवा देवळांत वर्तमानपत्र मोठ्यानें वाचावें. बायांनीं पुढें बसावें, मागें नव्हे. प्रत्येक घरानें जमाखर्चाची वही ठेवावी आणि तींत घरधनिणीची मजुरी आधीं लिहावी. ती वही हेंच आपलें उलट पुराव्याचें कागदपत्र. आमदार-खासदार गांवीं आले कीं हार घालण्यापूर्वीं ती त्यांच्यापुढें उघडावी.

आणि त्यांच्याकडे दोन मागण्या कराव्या. पहिली: देशाच्या गरजेसाठीं निर्यात बंद करणें किंवा परदेशी मालास दार उघडणें सरकारास भाग पडलें, तर त्यामुळें भावांत जी तूट येईल ती तिजोरींतून भरून द्यावी. देशासाठीं जमीन घेतली तर मोबदला मिळतो. देशासाठीं भाव घेतला तर कां मिळूं नये? दुसरी: महागाई कुंपणाबाहेर राहिली तर जसें पत्र लिहावें लागतें, तसेंच हमीभावाखालीं माल विकला गेला तर संबंधित खात्यानें संसदेस आणि विधिमंडळास लेखी कारणें द्यावीं, असा कायदा व्हावा. यांत भीक नाहीं कीं सवलत नाहीं. एका टोपलीस जो जाब आहे तोच दुसऱ्या टोपलीस असावा, एवढेंच.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांस मीं दुसऱ्या दिवशीं उत्तर दिलें. म्हटलें, "दादा, खरेदी करतांना तुम्हांला जनतेंत धरलं आहे. विक्री करतांना धरलेलं नाही." ते चंची काढून पान लावीत होते. शांतपणें म्हणाले, "मग आर्धं नाव लिवलंय म्हना की यादीत."

उरलेलें अर्धें नांव आपणच लिहावयाचें आहे. लेखणी मुलांच्या हातीं आलेली आहे. आतां हिशोब मोठ्यांनीं घालावा.

— एक खेडवळ शाळामास्तर